टर्बोच्या कवचावर तांदळाची कणी

प्रश्न : आमची २० गॅलनची रीफ टाकी, म्हणजे खाऱ्या पाण्याची कोरलची टाकी आहे. दोन महिन्यांपूर्वी झोएंथिडचा (कोरलसारखाच, फुलांच्या गुच्छासारखा दिसणारा प्राणी) नवा तुकडा आणला. तेव्हापासून दिवे बंद झाले की बारीक गोगलगायी फिरताना दिसतात. काहींचं कवच चपटं, नखासारखं, आणि अंग त्यात मावतच नाही. काही पांढऱ्या, तांदळाच्या कणीएवढ्या. त्या आमच्या टर्बोच्या, म्हणजे शेवाळ खायला ठेवलेल्या मोठ्या गोगलगाईच्या कवचावर बसतात. सगळ्याच काढून टाकू का?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : सगळ्या नको! नखासारखं कवच असलेली स्टोमाटेला आहे. ती शेवाळ खाते, कोरलच्या वाटेला जात नाही. मऊ ब्रशनं हळूच डिवचून पाहा. ती गोगलगाईला न शोभणाऱ्या वेगानं पळते, आणि फारच घाबरली तर पालीनं शेपूट टाकावं तसा पायाचा मागचा तुकडा टाकून जाते. माझ्या पहिल्या टाकीतल्या अकरा स्टोमाटेला मी उपद्रवी समजून चिमट्यानं वेचून फेकल्या होत्या. पंधरा दिवसांत मागची काच शेवाळानं भरली. त्याची हळहळ मला अजून वाटते, म्हणून तुम्हाला थांबवते आहे.

पांढऱ्या कणीचं मात्र आजच बघा. वर्णनावरून ती पिरॅमिडेलिड वाटते, म्हणजे परजीवी. रंगापेक्षा तिची बसायची जागा महत्त्वाची. कणी एकटीच दगडावर दिसली तर घाई नको. पण रोज रात्री त्या टर्बोच्या कवचाच्या तोंडाशी, मऊ अंग बाहेर येतं त्या कडेलाच जमत असतील, तर शंका उरत नाही. तिथून त्या बारीक सोंड खुपसून टर्बोच्या अंगातला रस शोषतात, आणि टर्बो हळूहळू मरगळत जाते. रात्री टर्बोला टाकीच्याच पाण्यात, वेगळ्या वाडग्यात घ्या. जुन्या मऊ टूथब्रशनं कवचाची कड घासा. मग भिंगातून बघा, जेलीसारखे अंड्यांचे पुंजके चिकटलेले असतील तर तेही खरवडा. वाडग्यातलं पाणी परत टाकीत ओतू नका. दर दोन-तीन दिवसांनी हे करत राहा, निदान महिनाभर. टाकीत ट्रायडॅक्ना शिंपला असेल तर त्याची खालची बाजूही तपासा.

झोएंथिड आणलेत म्हणून आणखी एक. गोल, चपटं, बुद्धिबळाच्या पटासारखे काळे-पांढरे चौकोन असलेलं कवच दिसलं तर ती सनडायल. ती झोएंथिडच खाते, दिसताक्षणी काढा. आणि कवच शंकूसारखं, तोंड लांबट अरुंद फटीचं असेल तर हात अजिबात लावू नका, लांब चिमटाच घ्या. काही कोन गोगलगायींच्या विषानं माणसं दगावली आहेत.

पुढच्या वेळी फोटो पाठवाल तेव्हा कवच उलटं करून, तोंडाच्या बाजूनं काढा आणि शेजारी मोजपट्टी ठेवा. तोंड गोल आहे की टोकाला पाणी आत घेणाऱ्या नळीसाठी खाच आहे, हे वरून काढलेल्या फोटोत दिसत नाही.