"मॅडम, तीन आठवड्यांत भीती जाईल ना?"

मी समुपदेशन करते. एअरसॉफ्ट, म्हणजे नकली बंदुकांनी लढाई खेळण्याचा खेळ. तो खेळणाऱ्या मुलांची काळजी माझ्याकडे दोन तोंडांनी येते. आईवडील म्हणतात, "हे दोरावरून उतरणं, भिंतींवर चढणं थांबवा." मुलं म्हणतात, "वर गेल्यावर माझे हातपाय गळतात, तेवढं थांबवा." हा अनुभव दुसऱ्या तोंडचा आहे. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत आणि नाव मुद्दामच देत नाही.

तो २६ वर्षांचा. मला या खेळातलं काहीच कळत नव्हतं, तेव्हा पहिली वीस मिनिटं त्यानेच माझा क्लास घेतला. खऱ्यासारखी दिसणारी बंदूक, ६ मिलिमीटरची प्लॅस्टिकची गोळी, तिला म्हणायचं बीबी. लागली की खेळाडूने स्वतःच 'हिट' असं ओरडून बाहेर व्हायचं. कोणी पाहिलं नसलं तरीही. हे मला फार आवडलं. आपण हरलो हे आपणच मोठ्याने सांगायचं, असे खेळ किती असतील?

मग मुद्दा आला. तीन आठवड्यांनी मोठा गेम होता, एका रिकाम्या इमारतीत. टीमने ठरवलं होतं की गच्चीवरून दोर सोडून दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून आत घुसायचं. सरावात सगळे उतरले. हा कठड्यापाशी गेला आणि थिजला. कोणीतरी त्याचं शूटिंगही केलं होतं, ते ग्रुपवर फिरलं. "मॅडम, तीन आठवड्यांत भीती जाईल ना?"

इथे माझी चूक झाली, ती सांगते. उंचीची भीती म्हटल्यावर मी सवयीने भीतीची शिडी काढली. मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी १९५८मध्ये मांडलेल्या पद्धतीतून आलेली ही जुनी रीत, आणि ती चालते. भीतीला ० ते १०० गुण द्यायचे, खालच्या पायरीपासून सुरुवात करायची, सोबत श्वास आणि स्नायू सैल सोडण्याचा सराव. कठड्यावर उभं राहण्याला त्याने ८० गुण दिले. मी ते वहीत लिहून घेतले. ८० का, हे विचारलंच नाही.

दुसऱ्या भेटीत मी त्याला डोळे मिटून तो प्रसंग क्षणाक्षणाने सांगायला लावलं. दोराशी आल्यावर मी सहज विचारलं, "कशाला बांधलाय?"

"गच्चीच्या रेलिंगला."

"कोणी?"

"कॅप्टनने. त्याने व्हिडिओ बघून शिकून घेतलंय."

"गेममध्ये खाली कोण उभं असेल?"

"समोरची टीम."

"दोर धरायला?"

"तसं कोणी नाही."

"आणि समोरचे गोळ्या मारणार?"

"मारणारच ना मॅडम. तोच तर गेम आहे."

मी पेन खाली ठेवलं. ८० गुण बरोबर होते. मला तर ते कमीच वाटले.

त्या संध्याकाळी गिर्यारोहण शिकवणाऱ्या एका ओळखीच्या प्रशिक्षकांना फोन केला. ते चिडले नाहीत, हसलेही नाहीत. त्यांनी मला एक हात समजावून सांगितला. रॅपल करताना, म्हणजे दोरावरून खाली उतरताना, दोर डिसेंडरमधून, म्हणजे घर्षणाने वेग रोखणाऱ्या धातूच्या साधनातून जातो आणि कमरेखाली धरलेला एक हात ब्रेकचं काम करतो. तो हात सुटला की माणूस सुटला. म्हणून शहाणी माणसं खाली एकाला दोर धरून उभं करतात. वरच्याचा हात सुटला तर खालचा दोर ताणतो आणि उतरणारा जागीच थांबतो. किंवा मुख्य दोराला प्रुसिकसारखी पकड घेणारी गाठ जोडतात. या टीमकडे दोन्ही नव्हतं.

पुढचं माझ्या विषयातलं होतं, म्हणून माझ्याच अंगावर काटा आला. चटका बसल्यावर हात मागे घ्यायचा निर्णय मेंदूपर्यंत जातच नाही. तो मेरुरज्जूतूनच परस्पर होतो. दुखलं हे आपल्याला नंतर कळतं. ०.२० ग्रॅमची बीबी १ ज्यूल ऊर्जेने सुटली तर नळीतून बाहेर पडताना तिचा वेग सेकंदाला १०० मीटर असतो. उघड्या बोटांवर ती बसली तर इजा किरकोळ होईल, पण हात झटकला जाईल. आणि तोच हात ब्रेक आहे. सहा मीटरवरून खाली यायला १.१ सेकंद लागतो, आणि जमिनीवर आदळताना वेग ताशी ३९ किलोमीटर. तेवढ्या वेळात माझ्या श्वसनाच्या सरावाचा काय उपयोग होणार होता?

तिसऱ्या भेटीत शिडी बाजूला ठेवून आम्ही त्या ८० गुणांची फोड केली. त्यानेच केली म्हणा. गॉगलवर वाफ धरते, खेळाच्या मैदानात गॉगल काढायचा नसतो, मग पुसायला कोणता हात वापरायचा? बंदुकीचा पट्टा लोंबतो, तो डिसेंडरमध्ये ओढला गेला तर माणूस अधांतरी अडकतो, आणि हार्नेसमध्ये, म्हणजे कमरेला नि मांड्यांना बांधलेल्या पट्ट्यांमध्ये, हालचालीविना लटकत राहणं जिवावर बेतू शकतं. हार्नेसचं विचारलं तर दोघांकडे नुसते जाड कमरपट्टे होते. खेळातलं हेल्मेट दिसतं लष्करी, पण बहुतेक वेळा ते पडण्यासाठी बनवलेलंच नसतं. दोर कठड्याच्या धारदार कडेवर घासत होता, हे त्याने सरावाच्या दिवशीच पाहिलं होतं.

"पाहिलं होतंस, मग बोलला का नाहीस?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "सगळे उतरले होते ना."

गोळी लागली की क्षणात 'हिट' म्हणणारी ही मुलं. पण दोर कापतोय हे म्हणायला आठपैकी एकाचंही तोंड उघडलं नाही. बाकीच्यांनी काय पाहिलं असेल कोण जाणे. प्रत्येकाला वाटतं की दुसऱ्याने बघितलंच असेल.

काळजी करणाऱ्या आईवडिलांनाही मी आता हेच सांगते. "जाऊ नकोस" म्हटलं की मूल तुम्हाला न सांगता जातं. त्यापेक्षा दोर कोणी बांधला, खाली कोण धरणार, लटकलेल्या माणसावर गोळ्या चालणार का, हे विचारा. उत्तर देताना मूल अडखळलं तर ते त्यालाही ऐकू येतं. पाइपवरून किंवा खिडकीच्या सज्ज्यावरून चढण्याबद्दल मात्र मला चर्चा करावीशी वाटत नाही. तिथे दोरच नसतो, आणि रिकाम्या इमारतींतली जुनी लोखंडं भिंतीतून कधी निसटतील याचा भरवसा नाही. नाही म्हणजे नाही.

बोलायचं कसं, याची तालीम आम्ही दोनदा केली. पहिल्यांदा तो कॅप्टनशी माफी मागितल्यासारखा बोलत होता. दुसऱ्यांदा नीट जमलं. प्रत्यक्षात कॅप्टन भडकला, "घाबरलास तर सरळ सांग" म्हणाला. यावर याने सांगितलं, "हो, घाबरलोय. रेलिंग किती वजन घेईल सांग, मग उतरतो." कॅप्टनकडे उत्तर नव्हतं. त्या गेममध्ये टीम जिन्याने गेली आणि, तो हसत म्हणाला, सपाटून हरली.

पुढे टीममधले पाच जण त्या प्रशिक्षकांकडे दोन दिवस शिकायला गेले. बंदुका नाहीत, घड्याळ नाही. वर दोर बांधायला दोन स्वतंत्र अँकर, खाली माणूस, दोराच्या टोकाला गाठ. प्रशिक्षकांनी त्याला मध्यावर थांबवून ब्रेकचा हात मुद्दाम सोडायला लावला. तो लटकत राहिला, पडला नाही. कठड्यावरची भीती आता ४५ गुणांवर आली आहे. शून्यावर आणायची का, असं मी विचारलं, तर नको म्हणाला.

उरलेले तीन जण वेगळे झाले, कॅप्टनही त्यांच्यातच. त्यांचे गेम रविवारी असतात. ते कसे उतरतात, दोर कशाला बांधतात, हे याला आता कोणी सांगत नाही. रविवारी दुपारनंतर तो फोन हातातून खाली ठेवत नाही. सध्या आमच्या भेटी त्याबद्दल असतात.