चिपची वेळ चुकली, अंतरही कमी भरले : तक्रार नेमकी कशाची करावी?

प्रश्न : मी नागपुरात राहतो, वय ४८. गेल्या डिसेंबरात शहरात झालेल्या एका हाफ मॅरेथॉनमध्ये १,२०० रुपये शुल्क भरून धावलो. निकालात माझा गन टाइम (सुरुवातीची बंदूक वाजल्यापासूनची वेळ) आणि नेट टाइम (मी स्वतः सुरुवातीची रेषा ओलांडल्यापासूनची वेळ) दोन्ही २:०४:४० असे एकच आले आहेत. प्रत्यक्षात मी गर्दीच्या बराच मागे उभा होतो आणि माझ्या घड्याळाप्रमाणे मला १:५७:५२ लागले. माझ्या वयोगटात तिसऱ्या आलेल्या धावपटूची नेट वेळ २:००:१५ असल्याने ५,००० रुपयांचे बक्षीस हुकले. शिवाय घड्याळात अंतर २०.५२ किलोमीटरच भरले आणि ग्रुपमधील बहुतेकांचे तसेच आहे. बाहेरगावच्या एका शर्यतीच्या प्रवेशासाठी मला दोन तासांच्या आतले प्रमाणपत्र हवे होते. ‘निकालाबाबत आयोजकांचा निर्णय अंतिम’ या अटीकडे बोट दाखवून आयोजक दाद देत नाहीत. ग्राहक आयोगात जाता येईल का?

उत्तर : आयोगात निश्चित जाता येईल. मात्र आपण एकाच पत्रात दोन तक्रारी मांडल्या आहेत आणि त्या एकमेकींना छेद देतात, हे आधी लक्षात घ्यावे. वेळेबाबतची तक्रार सांगते की आपण हाफ मॅरेथॉन १:५७:५२ मध्ये पूर्ण केली, तर अंतराबाबतची तक्रार सांगते की ती हाफ मॅरेथॉनच नव्हती. आपलेच आकडे घेतले तर आपला वेग किलोमीटरला सुमारे ५ मिनिटे ४५ सेकंद होता, हाफ मॅरेथॉनच्या २१.०९७५ किलोमीटरला जे ५७७ मीटर कमी पडले, ते त्याच वेगाने धावण्यास सुमारे ३ मिनिटे १९ सेकंद लागले असते आणि आपली वेळ २:०१:११ च्या आसपास गेली असती. म्हणजे अंतराची तक्रार सिद्ध झाली, तर दोन तासांच्या आतल्या प्रमाणपत्राची मागणी त्याच क्षणी निकालात निघते. पर्यायी मागण्या मांडण्यास कायद्याची आडकाठी नाही, परंतु समोरचे वकील पहिल्याच जबाबात ही विसंगती दाखवतील आणि त्याने आपल्या बळकट मुद्द्याचेही वजन कमी होईल.

बळकट मुद्दा वेळेचा आहे. बिबच्या, म्हणजे छातीवर लावलेल्या क्रमांकाच्या कागदाच्या, मागे चिकटवलेली चिप सुरुवातीच्या आणि शेवटच्या रेषेवर अंथरलेल्या मॅटवरून जाताना वाचली जाते आणि या दोन नोंदींमधील फरक म्हणजे नेट टाइम. सुरुवातीच्या मॅटवर चिप वाचलीच गेली नाही, तर अनेक प्रणाली बंदुकीच्या क्षणापासूनची वेळच दोन्ही रकान्यांत भरतात. आपल्या निकालातील दोन आकड्यांची तंतोतंत समानता हेच दर्शवते, कारण मागच्या रांगेतील माणसाने बंदूक वाजताच रेषा ओलांडणे शक्य नाही. आपल्या घड्याळाप्रमाणे हा फरक ६ मिनिटे ४८ सेकंदांचा आहे. तो सिद्ध करण्यासाठी घड्याळातील मूळ फाइल जशीच्या तशी जपून ठेवावी. स्ट्राव्हा या धावण्याच्या नोंदी ठेवणाऱ्या ॲपवर ती छाटलेली किंवा दुरुस्त केलेली नसावी. सुरुवातीच्या कमानीखालून जाताना टिपलेले अधिकृत छायाचित्र आणि त्यावरील वेळ, तसेच आपल्याबरोबर रेषा ओलांडणाऱ्या आणि ज्यांची नोंद बरोबर झाली आहे अशा सहधावपटूंची प्रतिज्ञापत्रे हा पुरावा मला घड्याळाहूनही अधिक महत्त्वाचा वाटतो. इलेक्ट्रॉनिक नोंदी दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे. छायाचित्रांत एक गोष्ट स्वतःच आधी तपासावी : बिब दुमडलेले, जॅकेटखाली गेलेले किंवा कमरेच्या मोबाइल पट्ट्यामागे दडलेले दिसत असेल, तर चिप न वाचली जाण्याचा दोष आपल्यावर ढकलला जाईल.

बक्षिसाबाबत मात्र नियमावली पुन्हा वाचावी. वयोगटातील क्रमांक गन टाइमवर ठरतील असे तिथे लिहिले असेल, तर चिपची चूक मान्य होऊनही बक्षीस मिळणार नाही, कारण आपण मागे उभे राहिलात तो वेळ त्या नियमानुसार आपलाच गेला. अनेक शर्यतींत पहिल्या काही क्रमांकांसाठी गन टाइम आणि वयोगटांसाठी नेट टाइम धरला जातो. आपल्या शर्यतीत काय आहे यावर हा भाग पूर्णपणे अवलंबून आहे. नेट टाइम धरला जात असेल, तर आपला दावा चांगला आहे. सर्वजण त्याच मार्गावरून धावले असतील, तर अंतर थोडे कमी असल्याने क्रम बदलत नाही. परंतु ज्यांना तिसरा क्रमांक दिला गेला, त्यांचे बक्षीस काढून घ्या अशी मागणी करायची असेल, तर त्यांना पक्षकार करून म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागेल. त्यांचा यात काहीही दोष नाही. त्यामुळे आपण बक्षिसाइतकी रक्कम आयोजकांकडून नुकसानभरपाई म्हणून मागावी आणि त्यांना या वादात ओढू नये, असे मी आग्रहाने सुचवतो.

आता अंतर. प्रमाणित मार्ग कॅलिब्रेट केलेल्या, म्हणजे ज्ञात अंतरावर आधी पडताळून घेतलेल्या, सायकलने मोजतात. सायकलच्या पुढच्या चाकाला मोजयंत्र बसवून धावपटूला शक्य असलेल्या सर्वांत जवळच्या रेषेने, वळणावर कडेपासून ३० सेंटिमीटर अंतर ठेवून मोजणी होते आणि मार्ग कमी भरू नये म्हणून प्रत्येक किलोमीटरला एक मीटर जादा धरतात. जीपीएस घड्याळ असे मोजत नाही. साधारणपणे ते खऱ्या अंतराहून थोडे जास्तच दाखवते, कारण कोणीही सर्व वळणे नेमकी कापत नाही. म्हणून अनेक घड्याळांनी कमी अंतर दाखवणे ही दखल घेण्याजोगी बाब आहे. तरीही वर्धा मार्गावरील दुमजली उड्डाणपुलाखालून किंवा सेमिनरी हिल्सच्या दाट झाडीतून मार्ग गेला असेल, तर सिग्नल तुटल्याचा बचाव सहज उभा राहील. आपले एकट्याचे घड्याळ त्यापुढे टिकणार नाही. अंतर नेमके कुठे कमी झाले, उदाहरणार्थ एखाद्या चौकात यू-टर्न दाखवणारा प्लास्टिकचा शंकू मार्गाच्या नकाशापेक्षा अलीकडे ठेवला होता का, हे छायाचित्रांनी आणि त्या ठिकाणच्या स्वयंसेवकाच्या सांगण्याने दाखवता आले, तरच हा मुद्दा उभा राहतो.

अशा चुका नामांकित शर्यतींतही झाल्या आहेत. इंग्लंडमधील मँचेस्टर मॅरेथॉनचा मार्ग २०१३ ते २०१५ अशी तीन वर्षे ३८० मीटर कमी होता, हे २०१६ मध्ये जाहीर झाले. २०२१ च्या ब्रायटन मॅरेथॉनमध्ये धावपटूंना ५६८ मीटर जास्त धावावे लागले. त्यामुळे चूक घडली एवढ्यावरून आयोजकांना अप्रामाणिक ठरवू नये. चूक दाखवून दिल्यावर ते कसे वागले, याकडे आयोगाने पाहावे असे आपल्या तक्रारीतून दिसले पाहिजे. जाहिरातीत ‘प्रमाणित मार्ग’ असे लिहिले असेल, तर ते प्रमाणपत्र मागावे. ते पाच वर्षांसाठीच वैध असते. प्रमाणपत्र नसतानाच तसा दावा केला असेल, तर तो दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीचा स्वतंत्र आणि गंभीर मुद्दा होतो.

शुल्क भरून घेतलेली सेवा असल्याने आयोजक धर्मादाय संस्था असली तरी आपण ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार ग्राहक ठरता. कलम २(११) मधील सेवेतील त्रुटीच्या व्याख्येत संबंधित माहिती जाणूनबुजून दडवणे याचाही समावेश आहे आणि माझ्या मते आपल्या प्रकरणात सर्वाधिक उपयोगाची तरतूद हीच आहे. म्हणून प्रथम आयोजक आणि टायमिंग कंपनी या दोघांना स्पीड पोस्टाने पत्र पाठवून पंधरा दिवसांच्या आत आपल्या बिब क्रमांकाच्या सर्व मॅटवरील मूळ नोंदी, शेवटच्या रेषेचे चित्रीकरण आणि मार्गमोजणीचे प्रमाणपत्र मागावे, तसेच हा डेटा नष्ट करू नये असे स्पष्ट लिहावे. पैशांची मागणी या पत्रात नसली तरी चालेल. नोंदी हाती आल्यावर निकाल दुरुस्त होण्याची शक्यता पुष्कळ असते आणि नोंदी नाकारल्यास तो नकारच आपला पुरावा होतो.

‘निर्णय अंतिम’ या अटीला घाबरण्याचे कारण नाही. न्यायाधिकरणाकडे जाण्याचा हक्क पूर्णपणे हिरावून घेणारा करार भारतीय करार अधिनियमाच्या कलम २८ नुसार त्या मर्यादेत निरर्थक असतो आणि एकतर्फी अटी ग्राहकावर लादता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने पायोनियर अर्बन लँड प्रकरणात २०१९ मध्ये म्हटले आहे. दुसरी बाजूही आपल्याला माहीत असावी : भारती निटिंग प्रकरणात १९९६ मध्ये त्याच न्यायालयाने स्वाक्षरी केलेल्या कराराची नुकसानभरपाई मर्यादित करणारी अट मान्य केली होती. अट अन्याय्य कराराची म्हणून रद्द करून मागणारी तक्रार राज्य आयोगाकडे करावी लागते. आपण त्या वाटेला न जाता जिल्हा आयोगात सेवेतील त्रुटीवरच भर द्यावा.

रक्कम किती मागावी, याबाबत संयम बाळगावा. शुल्काचा परतावा, बक्षीस हुकल्याबद्दलची रक्कम, मानसिक त्रासाबद्दल माफक भरपाई आणि तक्रारीचा खर्च एवढे योग्य आहे. बाहेरगावच्या शर्यतीची संधी हुकल्याचे नुकसान मागू नये. नोंदणीच्या वेळी आयोजकांना त्याची कल्पना नव्हती, त्यामुळे करार अधिनियमाच्या कलम ७३ नुसार ते दूरचे नुकसान ठरेल. शिवाय त्या मागणीमुळे वर सांगितलेली विसंगती पुन्हा उघडी पडेल. प्रशिक्षक, बूट, आहार यांवरील खर्चही मिळणार नाही.

आयोजकांचे कार्यालय मुंबईत किंवा पुण्यात असले तरी ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम ३४ नुसार आपल्या राहत्या जिल्ह्यातील, म्हणजे नागपूर जिल्हा आयोगात तक्रार चालते. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणांत शुल्क नाही, ई-जागृती संकेतस्थळावरून तक्रार दाखल करता येते आणि वकील लावणे बंधनकारक नाही. मुदत दोन वर्षांची आहे, परंतु टायमिंग कंपन्यांकडील मूळ नोंदी तेवढा काळ शिल्लक राहतील याची शाश्वती नसल्याने नोंदी मागणारे पत्र याच आठवड्यात पाठवावे.