चार दिवस आणि सात वाटा: नियोजन संध्याकाळपासून सुरू करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सहा जणांचा गट, हाताशी चार दिवस, एका मोठ्या राष्ट्रीय उद्यानातल्या सात वाटा निवडून झाल्या आहेत, आणि गटातल्या दोघांनी आजवर डोंगर चढलेला नाही. नियोजन कुठून सुरू करायचं आणि सॅकमध्ये काय भरायचं?

सॅकचं नंतर बघू. आधी सातपैकी चार वाटा खोडून टाका. पहिल्या दिवशी सगळे प्रवासाने आंबलेले असतील, त्या दिवशी दोन-तीन तासांची सोपी वाट पुरे. मोठी चढाई दुसऱ्या दिवशी. तिसरा दिवस कोरा ठेवा आणि चौथ्याला एखादी मध्यम वाट. कोरा दिवस वाया जातो असं वाटणारे पुष्कळ भेटतात. पण दुसऱ्या दिवशी पाऊस लागला तर मोठी चढाई बिनबोभाट तिसऱ्या दिवशी ढकलता येते. असा दिवस हाताशी नसला की माणसं ढगांकडे बघत "होईल काहीतरी" म्हणत निघतात. डोंगरातले बरेच अपघात त्या "होईल काहीतरी"मधूनच सुरू होतात.

आता मोठ्या वाटेचं नियोजन. बहुतेक जण सकाळी किती वाजता निघायचं यापासून सुरुवात करतात. तुम्ही संध्याकाळपासून उलटं मोजत या. त्या तारखेला, त्या ठिकाणी सूर्य किती वाजता मावळतो ते काढा. दाट झाडीत आणि खोल दरीत त्याच्या बऱ्याच आधी अंधारून येतं. म्हणून सूर्यास्ताच्या दोन तास आधी सगळा गट खाली पोचलेला हवा, असं गृहीत धरा. कुणाचा पाय मुरगळला किंवा वाट चुकून मागे यावं लागलं, तर तेच दोन तास कामी येतात.

वेळ मोजायला एक जुनं पण अजून उपयोगी सूत्र आहे. स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नाइस्मिथ यांनी ते १८९२ मध्ये मांडलं. साधारण ५ किलोमीटर चालीला एक तास, आणि वर दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. समजा तुमची वाट जाऊन-येऊन १२ किलोमीटरची आहे आणि चढाई ९०० मीटर. चालीचे सुमारे अडीच तास, चढाईचा दीड तास, म्हणजे चार तास. पण हा हिशोब सवयीच्या, न थांबता चालणाऱ्या माणसाचा आहे. सहा जणांचा गट, त्यात दोन नवखे, फोटो, बुटांच्या नाड्या, दम खाणं हे सगळं धरून त्याची दीडपट करा: सहा तास. माथ्यावर खाण्या-बसण्याचा एक तास धरला की सात. सूर्यास्त सहाला असेल तर चारला परत हवं, म्हणजे नवाला निघणं ही अगदी शेवटची मर्यादा झाली. मी तरी सातला निघेन, त्याचं कारण पुढे हवामानाच्या मुद्द्यात येईलच.

वाटेची नुसती लांबी बघून निवड करू नका. एका किलोमीटरमागे किती चढ आहे, ते बघा. नकाशावर समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) एकमेकींना चिकटल्या असतील तर तिथे छातीवरचा चढ आहे. उतारालाही कमी लेखू नका. घसाऱ्याच्या, म्हणजे सुट्या माती-खड्यांच्या उतारावर नवख्या माणसाला चढण्याइतकाच वेळ लागू शकतो आणि गुडघे खरे बोलू लागतात ते उतरतानाच. दोन काठ्या घेतल्या तर गुडघ्यांवरचा भार बराच हलका होतो.

काही वाटा हिशोबच उलटा करतात. अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनमध्ये आधी दरीत उतरायचं असतं आणि चढ नंतर, थकल्यावर, उन्हात येतो. उतरताना सगळ्यांनाच आपण फार तयारीचे आहोत असं वाटतं. तिथे चढायला उतरण्याच्या दुप्पट वेळ धरायला सांगतात, आणि उन्हाळ्यात सकाळी १० ते दुपारी ४ या वेळात दरीत चालू नका असं उद्यान स्वतः बजावतं. न्यूझीलंडमधली टोंगारिरो क्रॉसिंगची सुमारे २० किलोमीटरची वाट एका टोकाला सुरू होऊन दुसऱ्याच टोकाला संपते, त्यामुळे परतीच्या गाडीची वेळ आधी ठरवावी लागते. तुमच्या सातांपैकी कोणती वाट गोल फिरून येणारी, कोणती आल्या वाटेने परतणारी आणि कोणती अशी आरपार, ते आधी लिहून काढा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. माघारीची वेळ घरी बसून ठरवा आणि निघण्यापूर्वी सगळ्यांसमोर मोठ्याने सांगा. वरच्या उदाहरणात माथ्यावरून खाली यायला अडीच तास धरले, तर दुपारी दीड वाजता आपण जिथे असू तिथून वळायचं. माथा पंधरा मिनिटांवर दिसत असला तरीही. वर पोचल्यावर हा निर्णय घ्यायचा म्हटलं की तो घेतला जात नाही, कारण तोपर्यंत माथा डोळ्यांत भरलेला असतो, आणि मागे फिरू म्हणणाऱ्याला सगळ्यांचा रसभंग केल्यासारखं वाटतं. आधी ठरलं असेल तर कुणालाच वाईटपणा घ्यावा लागत नाही.

चालण्याचा वेग सर्वांत हळू चालणाऱ्याचा. त्याला पुढून दुसऱ्या जागी ठेवा आणि शेवटी अनुभवी माणूस. नवखा मागे राहिला की काय होतं ते मी गटागटांत पाहिलंय: पुढचे थांबून विसावा घेतात, हा धापा टाकत पोचतो, तो पोचताच पुढचे उठतात. ज्याला विश्रांतीची खरी गरज, त्यालाच ती मिळत नाही. तुमच्या त्या दोघांच्या बाबतीत हे होऊ देऊ नका, ते पुन्हा डोंगरात येतील की नाही हे यावरच ठरेल. जाण्याआधीचे सहा-आठ आठवडे त्यांना जिने चढायला लावा, आणि शेवटचे काही दिवस भरलेली सॅक पाठीवर घेऊन.

हवामानाचा अंदाज पायथ्याच्या गावाचा बघून चालत नाही. दर १,००० मीटर उंचीला तापमान सरासरी ६.५ अंशांनी उतरतं आणि डोंगराच्या धारेवरचा वारा त्याहून जास्त गारठवतो. पायथ्याशी २० अंश असतील तर दीड हजार मीटर वर साधारण १० अंशच उरतात. त्यात कपडे भिजले तर शरीराची ऊब फार झपाट्याने जाते, अगदी गोठणबिंदूच्या बऱ्याच वर असतानाही. म्हणून सुती कपडे नकोत. ते घाम आणि पाऊस धरून ठेवतात. अंगालगत लवकर वाळणारा कपडा, त्यावर उबेचा, सगळ्यात वर वारा-पाऊस अडवणारा, असे तीन थर ठेवा. चढ सुरू होण्याआधीच एक थर काढा, घामाने भिजल्यावर नाही.

लवकर निघण्याचं कारणही हवामानच. ऊन चढतं तशी उतारांवरची हवा तापून वर जाते, ढग जमतात आणि अनेक उंच डोंगरांत उन्हाळ्याच्या दुपारी विजा कडाडतात. अशा मोसमात माघारीची वेळ दीडची नको, बाराच्या आत माथा सोडलेला हवा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांहून कमी वेळ गेला, तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे. मग धार, माथा, एकटं झाड, लोखंडी कठडा हे सगळं सोडून खाली उतरा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पुन्हा वर जाऊ नका. अरुंद घळीतून जाणाऱ्या वाटांवर डोक्यावरचं आकाश निळं असलं तरी भरवसा नाही. वरच्या खोऱ्यात पाऊस झाला की लोंढा खाली येतो. म्हणून अंदाज बघायचा तो सगळ्या खोऱ्याचा.

मुक्काम २,५०० मीटरच्या वर असेल तर उंचीचा त्रास कुणालाही होऊ शकतो, त्याला वय आणि ताकद आडवी येत नाही. ३,००० मीटरच्या पुढे झोपण्याची जागा रोज ५०० मीटरहून जास्त वर नेऊ नये. डोकेदुखी, मळमळ सुरू झाली तर तिथेच थांबा, वाढली तर खाली उतरा. चालताना तोल जायला लागला किंवा बसल्याबसल्या धाप लागली तर सकाळची वाट बघू नका.

परवान्यांचं आजच बघा. अमेरिकेतल्या योसेमिटी उद्यानातल्या हाफ डोम या डोंगराच्या शेवटच्या कातळावर, धरून चढायच्या लोखंडी तारा लावलेल्या काळात, एका दिवसात जाऊन येणाऱ्यांना सोडतीत परवाना मिळाला तरच जाता येतं. न्यूझीलंडच्या मिलफोर्ड ट्रॅकला हंगामात मुक्कामाच्या झोपड्यांचं आरक्षण नसेल तर वाट बंदच. तुमच्या उद्यानाच्या अधिकृत संकेतस्थळावर बंद वाटांची ताजी सूचनाही असते, निघायच्या आदल्या संध्याकाळी ती पुन्हा वाचा. दरड आणि वणवा तुमच्या आरक्षणाला विचारून येत नाहीत.

पाणी: मध्यम हवेत, मध्यम चालीला तासाला साधारण अर्धा लिटर, उन्हात त्याहून जास्त. त्याबरोबर खारट काहीतरी खात राहा. तासन्तास घाम गाळून नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम घसरतं, आणि त्याची डोकेदुखी-मळमळ पाणी कमी पडल्यासारखीच दिसते, म्हणून माणूस आणखी पाणी पितो. ओढ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी उकळून घ्या: खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट, २,००० मीटरच्या वर तीन मिनिटं.

आता सॅक. पाणी, खाणं आणि तीन थरांखेरीज प्रत्येकाकडे स्वतःचा हेडटॉर्च (डोक्याला बांधायचा), दिवसाच्या वाटेवरसुद्धा. सहा जणांत दोन टॉर्च म्हणजे चार जण अंधारात. शिट्टी, प्रथमोपचार, टोपी, छापील नकाशा. बूट नवे असतील तर महिनाभर आधीपासून घाला, आणि टाचेला चुरचुरलं की त्याच क्षणी थांबून पट्टी लावा, फोड आल्यावर नाही. फोनमध्ये नकाशा आधीच उतरवून ठेवा. जीपीएसला नेटवर्क लागत नाही, ते थेट उपग्रहांचे संकेत घेतं. फोन विमान मोडवर ठेवलात तर बॅटरी दिवसभर तग धरते. थंडीत तो आतल्या खिशात, अंगालगत ठेवा.

गटाबाहेरच्या एका माणसाकडे लेखी ठेवून जा: कोणती वाट, कोण कोण, गाडी कुठे उभी, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर उद्यानाच्या बचाव क्रमांकावर कळवायचं. खाली पोचल्यावर त्याला फोन करणं ही एकाची ठरलेली जबाबदारी. अडकलात तर आल्प्स आणि ब्रिटनमध्ये मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा. उत्तर अमेरिकेत तीन.

प्राण्यांपासूनचं अंतर त्या त्या उद्यानाच्या नियमाप्रमाणे. अमेरिकेतल्या येलोस्टोनमध्ये अस्वल, लांडगा आणि कूगर (मोठं रानमांजर) यांच्यापासून किमान ९१ मीटर, बाकीच्यांपासून २३ मीटर. तिथे सर्वांत जास्त माणसं जखमी केली आहेत ती शांतपणे चरणाऱ्या बायसनने, तेव्हा शांत दिसतोय म्हणून जवळ जाऊ नका. शौचाला वाट, पाणी आणि तंबूपासून किमान ६० मीटर दूर, १५ ते २० सेंटिमीटर खड्डा करून बुजवायचा. कागद पिशवीत घालून परत आणायचा.

सातही वाटांची लांबी, चढाई आणि तुमचा महिना इथे लिहा. ते कळलं की कोणत्या तीन ठेवायच्या हे नेमकं सांगता येईल. आणि त्या दोघांपैकी कुणाला गुडघ्याचा, दम्याचा किंवा उंचीच्या भीतीचा त्रास आहे का, ते त्यांना एकेकटं गाठून विचारा. सगळ्यांसमोर विचारलंत तर "काही नाही" असंच उत्तर येईल.