‘काँग्रेसचा निकामी जिल्हा’ की ‘पूर्वीचा मतदारसंघ’?

प्रश्न एका वाचक भगिनीचा आहे. त्यांची मुलगी अमेरिकेत नेब्रास्का राज्यात असते. तिथल्या शेतकऱ्यांच्या राजकारणावरचा एक इंग्रजी लेख त्या मराठीत आणत आहेत. लेखाच्या पहिल्याच ओळीतल्या शब्दप्रयोगाचं त्यांनी ‘नेब्रास्काचा निकामी झालेला सहावा ग्रामीण काँग्रेस जिल्हा’ असं भाषांतर केलं आहे. “वाचताना खटकतं, पण नेमकं काय खटकतं ते कळत नाही. ‘निकामी’ऐवजी ‘कालबाह्य’ घातलं तर चालेल का?” असं त्या विचारतात.

‘निकामी’ जायलाच हवं, पण तेवढ्याने भागणार नाही. या ओळीतला जवळजवळ प्रत्येक शब्द वाचकाला भलतीकडे नेतो. त्यामुळे एकेक घेऊ.

‘काँग्रेस’चं लवकर आटपतं. मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे हा शब्द वाचताच पक्ष उभा राहतो. जवळजवळ दीडशे वर्षांची सवय आहे, ती एका तळटीपेने जाणार नाही. तुमच्या लेखातले जुने खासदार घ्या: ओमर केम हे शेतकऱ्यांच्या पॉप्युलिस्ट पक्षाचे आणि मोझेस किंकेड रिपब्लिकन. ‘काँग्रेसचे किंकेड’ असं लिहिलंत की त्यांचा पक्षच बदलला. सुरुवातीला एकदा ‘अमेरिकी काँग्रेस, म्हणजे तिथली संसद’ असं सांगून टाका आणि पुढे सरळ ‘प्रतिनिधिगृह’, म्हणजे तिचं खालचं सभागृह, असं लिहा. सदस्याला ‘खासदार’ म्हणायला माझी हरकत नाही. वाचकाला एका क्षणात कळतं.

खरी अडचण ‘जिल्हा’ची. डिस्ट्रिक्ट म्हणजे जिल्हा हे आपल्याला शाळेपासून पाठ. पण जिल्हा म्हटलं की आपल्याला कलेक्टर कचेरी दिसते, न्यायालय दिसतं, सात-बारा दिसतो. नेब्रास्कात हे सगळं ज्या घटकाकडे आहे त्याचं नाव काउंटी. उदाहरणार्थ चेरी काउंटी. ती १८८३ साली झाली, व्हॅलेंटाइन हे तिचं मुख्य गाव. क्षेत्रफळ साधारण १५,५०० चौरस किलोमीटर, म्हणजे जवळपास आपल्या पुणे जिल्ह्याएवढं. माणसं मात्र साडेपाच हजारांच्या आसपास. जमिनीचे व्यवहार नोंदवायचे ते या काउंटीच्या कचेरीत. आता डिस्ट्रिक्टला जिल्हा म्हटलंत, तर चेरी काउंटीला काय म्हणणार? तालुका? पुण्याएवढा तालुका वाचकाच्या पचनी कसा पडेल?

शिवाय १९३३ साली नेब्रास्काचा सहावा डिस्ट्रिक्ट गेला तेव्हा चेरी काउंटीचं काहीच हललं नाही. कोर्ट तिथेच, दफ्तर तिथेच, कुंपणं तिथेच. मराठीत ‘जिल्हा निकामी झाला’ असं वाचलं की मला तरी ओस पडलेल्या कचेऱ्या दिसतात. तसं तिथे काहीच घडलं नाही.

तेव्हा इथे शब्द एकच: ‘मतदारसंघ’. हा आपल्या भाषेतला फार नेटका शब्द आहे, आणि रोज वर्तमानपत्रात वाचून आपण त्याच्याकडे बघायचंच सोडून दिलं आहे. ‘मत’ संस्कृत, ‘दार’ फारसी, दुकानदार-जमीनदारातला, आणि ‘संघ’ पुन्हा संस्कृत. अर्थ होतो मत बाळगणाऱ्यांचा समूह. यात जमीन कुठेही नाही. ‘जिल्हा’ बघा: मूळ अरबी शब्दाचा अर्थ बरगडी, बाजू, म्हणजे मुलखाचा एक तुकडा. ‘डिस्ट्रिक्ट’ लॅटिनमधून आला, त्याच्या मुळाशी आवळून धरण्याचा, जरब बसवण्याचा अर्थ आहे. सरंजामदाराची जरब चाले तेवढा प्रदेश. हे दोन्ही शब्द हद्दीचे आहेत, मतदारसंघ माणसांचा आहे. माणसांची मोट एका खासदारापुरती बांधली जाते आणि पुढच्या शिरगणतीनंतर सोडून वेगळी बांधता येते. तुमच्या लेखातला सगळा इतिहास याच बांधण्या-सोडण्याचा असल्यामुळे हा शब्द इथे चपखल बसतो.

‘ग्रामीण’बद्दल माझं मत थोडं वेगळं आहे, काही जणांना ते पटणार नाही. शब्दकोशाच्या दृष्टीने तो चूक नाही. पण त्याच्या पोटात ग्राम आहे. ग्राम म्हटलं की वेस आली, पार आला, चावडी आली, घराला घर लागून असलेल्या आळ्या आल्या. नेब्रास्काच्या वायव्येकडे सँडहिल्स आहेत: गवताने धरून ठेवलेल्या वाळूच्या टेकड्या, शेकडो मैल. तिथे एका घरातून दुसऱ्या घराचा दिवा दिसेलच असं नाही. शेजारी म्हणजे काही मैलांवरचा माणूस. याला ‘ग्रामीण’ म्हणण्यापेक्षा ‘विरळ वस्तीचा’ किंवा ‘कुरणांच्या मुलखातला’ म्हटलं तर चित्र खरं उमटेल.

आणि हे चित्र इथे सजावटीपुरतं नाही. या मतदारसंघाचं सगळं राजकारणच त्या वाळूतून आलं. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने वसाहतकऱ्याला १६० एकर मिळत. ओलसर पूर्वेकडे तेवढ्यात कुटुंब तगे; इथे पाऊस कमी, नांगर घातला की वाळू उडायची, आणि गुरं पाळायची तर १६० एकरांतलं गवत पुरायचं नाही. ओनील गावचे न्यायाधीश मोझेस किंकेड १९०२ साली या मतदारसंघातून निवडून आले आणि त्यांनी १९०४ साली स्वतंत्र कायदा करून घेतला: वायव्येकडच्या ३७ काउंट्यांत, पाटाखाली येऊ शकणारी जमीन वगळून, माणशी ६४० एकर. म्हणजे पुरा एक चौरस मैल. आपल्या हिशेबाने २५,६०० गुंठे. अट अशी, की ५ वर्षं तिथे राहायचं आणि एकरी सव्वा डॉलर किमतीची सुधारणा करून दाखवायची. या कायद्याखाली जमीन घेणाऱ्यांचं नावच ‘किंकेडर’ पडलं. चेरी काउंटीत डिविटी नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती याच कायद्याच्या आधाराने उभी राहिली. किंकेड १९२२ साली वारले तेव्हाही ते खासदारच होते. अनुवादात ‘किंकेडर’ तसाच ठेवा. ‘किंकेडवाले’ म्हणाल तर ते त्यांचे कार्यकर्ते वाटतील, आणि हे तर जमीन कसायला आलेले लोक.

किंकेडांच्या आधीचे ओमर केम. त्यांच्या घराचा उल्लेख लेखात असणारच, म्हणून सांगतो. ते ‘मातीचं घर’ म्हणून सोडून देऊ नका. मराठी वाचक भेंड्यांच्या नाहीतर पांढऱ्या मातीच्या भिंती समजेल. तिथे झाड नाही, दगड नाही. मग गवताच्या मुळांनी घट्ट धरलेली जमीन नांगराने लांब पट्ट्यांत कापायची, पट्ट्यांचे तुकडे करायचे आणि ते गवतासकट विटांसारखे एकावर एक रचायचे. ‘हिरवळीच्या लाद्यांचं घर’ असं मी लिहीन. कस्टर काउंटीतल्या अशा घरात राहिलेला हा शेतकरी १८९० साली निवडून आला.

आता ‘सहावा’, आणि इथेच सगळ्यात मोठी मेख आहे. केम १८९० साली निवडून आले ते सहाव्या मतदारसंघातून नाही, तिसऱ्यातून. तेव्हा नेब्रास्काच्या वाट्याला प्रतिनिधिगृहात तीनच जागा होत्या आणि पश्चिमेचा अफाट मुलूख तिसऱ्यात मोडे. १८९० च्या जनगणनेनंतर जागा सहा झाल्या. १८९३ पासून वायव्येचा मुलूख सहावा झाला आणि केम त्याचे पहिले खासदार. पुढे ४० वर्षं हाच आकडा राहिला. १९२० च्या जनगणनेनंतर जागांची फेरवाटणीच झाली नाही. सभागृह ४३५ जागांवर थांबलेलं होतं आणि कुणाच्या जागा कमी करायच्या यावर एकमत होईना. १९३० नंतर ती वाटणी झाली तेव्हा नेब्रास्काची एक जागा गेली. राज्यातली माणसं कमी झाली होती असंही नाही. १३ लाख ७८ हजार म्हणजे तोवरची सगळ्यात जास्त संख्या होती. पण इतर राज्यं त्याहून झपाट्याने वाढली होती.

सहाच्या पाच जागा झाल्या की सहावा आकडा आपोआप गळतो. पश्चिमेचा मुलूख १९३३ पासून पाचवा झाला. आधीचा पाचवा होता तिथले खासदार शॅलनबर्गर चौथ्याचे झाले. दुष्काळाच्या दशकात राज्याची लोकसंख्या खरोखरच घटली, आणखी एक जागा गेली, आणि १९४३ पासून पश्चिम मुलूख चौथा. १९६० च्या जनगणनेनंतर आणखी एक गेली, १९६३ पासून तिसरा. चेरी काउंटीतल्या एखाद्या घराण्याने जमीन न सोडता तिसरा, सहावा, पाचवा, चौथा आणि पुन्हा तिसरा मतदारसंघ पाहिला. मधल्या काळात तिसऱ्याच्या पोटात आणखी कितीतरी काउंट्या आल्या. आज राज्याच्या भूभागाचा बहुतेक भाग त्याच एकात आहे.

म्हणून नुसतं ‘सहावा मतदारसंघ संपला’ लिहू नका. मराठीत ‘सहावा’ हे क्रमवाचक आहे. आधी पाच संपले आणि आता सहावा, असाही अर्थ लागू शकतो. ‘सहाव्या क्रमांकाचा मतदारसंघ’ लिहा. तिथे आकडा हेच नाव आहे.

उरला तुमचा मूळ शब्द. ‘निकामी’ यंत्र होतं, अवयव होतो. ‘कालबाह्य’ रूढी होते, कायदा होतो. ‘निष्क्रिय’ म्हटलं तर मतदारसंघ आहे पण काही करत नाही. ‘विसर्जित’ आपण लोकसभेसाठी वापरतो, त्यामुळे निवडणूक लागल्याचा भास होतो. ‘बरखास्त’मध्ये शिक्षेचा वास आहे. ‘रद्द’ जवळचा आहे, पण सहावा रद्द करा असं कुणी ठरवलं नव्हतं, जागाच पाच उरल्या.

अशा वेळी मी कोश मिटून माणसं काय बोलतात ते आठवतो. आपल्याकडेही २००८ च्या पुनर्रचनेत राजापूर, कराड, एरंडोल, पंढरपूर हे लोकसभा मतदारसंघ गेले. आपल्या ४८ जागा ४८ च राहिल्या, म्हणून ‘राजापूर जाऊन रत्नागिरी-सिंधुदुर्ग आला’ असं आपण म्हणू शकलो. बातम्यांत ‘संपुष्टात आला’, ‘पूर्वीचा राजापूर’, ‘तत्कालीन राजापूर’ असं लिहिलं गेलं. सावंतवाडीचे आमचे मामा राजापुरात एक रात्रही राहिलेले नाहीत, तरी बॅरिस्टर नाथ पै आणि मधू दंडवते यांचा विषय निघाला की ‘आमचो राजापूर’ म्हणतात. त्यांच्या लेखी तो मतदारसंघ निकामीही नाही आणि कालबाह्यही नाही. नुसता ‘तेव्हाचा’ आहे.

तेव्हा विशेषण हवं असेल तिथे ‘पूर्वीचा’, क्रियापद हवं तिथे ‘संपुष्टात आला’. तुमची पहिली ओळ मी अशी लिहीन: ‘नेब्रास्काच्या वायव्येकडे, कुरणांच्या विरळ वस्तीच्या मुलखात, पूर्वी अमेरिकी प्रतिनिधिगृहाचा सहाव्या क्रमांकाचा मतदारसंघ होता. १८९३ साली तो झाला आणि राज्याची एक जागा कमी झाल्यामुळे १९३३ साली संपुष्टात आला.’ एका वाक्याची दोन झाली, ती तशीच राहू द्या.