सिंथ राहू द्या, आधी पिझो आणा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: प्रायोगिक इलेक्ट्रॉनिक संगीतातले ते खरखरणारे, चिरकणारे आवाज नेमके काढतात कसे, आणि त्यासाठी साठ हजारांचा सिंथेसायझर (विजेवर आवाज घडवणारं वाद्य) घ्यावा का? जवळ जुना लॅपटॉप आहे, बाकी काही नाही. माझं उत्तर: घेऊ नका. निदान यंदा तरी नको.

पुण्यात असाल तर पासोड्या विठोबापाशी, मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोडला जा आणि 27 मिलिमीटरचा पिझो मागा. पितळी चकती, मधोमध पांढरं सिरॅमिक. दहा-वीस रुपयांचं काम. बझरमध्ये हीच असते. वीज दिली की थरथरते, आणि थरथरवली की वीज देते, म्हणजे मायक्रोफोनचं काम करते. हवेतलं बोलणं तिला जवळपास ऐकू येत नाही. ज्या वस्तूला चिकटवाल, तिच्या अंगातली थरथर तेवढी ऐकू येते. शील्डवाली वायर घ्या, बाहेरची जाळी पितळेला आणि आतली तार पांढऱ्या भागाला जोडा. तिथे सोल्डरिंग आयर्न क्षणभरच टेकवा, नाहीतर वरचा चंदेरी थर उखडून येतो. माझ्या पहिल्या तीन चकत्या अशाच गेल्या.

आता सगळे जिथे अडकतात ते. पिझो थेट लाइन-इनमध्ये (आवाज आत घेण्याच्या साध्या भोकात) खुपसला की आवाज पत्र्याच्या डब्यासारखा येतो आणि लोक म्हणतात, स्वस्त मालच तसला. माल ठीक असतो. ही चकती म्हणजे साधारण 20 नॅनोफॅरडचा कपॅसिटर (वीज साठवणारा सुटा भाग). समोर लाइन-इनसारखं 10 किलोओहमचं इनपुट आलं की 800 हर्ट्झच्या खालचं सगळं, म्हणजे खालचे जाड सूर, गळायला लागतं. तेच इनपुट 1 मेगाओहमचं असेल तर गळती 8 हर्ट्झवर जाते, म्हणजे कानाच्या टप्प्याबाहेर. म्हणून ऑडिओ इंटरफेसवरचं (माइक-गिटार लॅपटॉपला जोडणारा डबा) गिटारसाठीचं हाय-झेड, म्हणजे जास्त ओहमच्या इनपुटचं, बटण दाबा, किंवा मधे साधा प्रीअँप (सुरुवातीलाच आवाज वाढवून देणारा छोटा डबा) घाला. एवढ्याने फरक पडतो, तोही भलताच.

मी पावसाळ्यात बाल्कनीच्या लोखंडी कठड्याला चकती टेपने चिकटवून ठेवली होती. नुसत्या कानाला टपटप. हेडफोनमध्ये मात्र प्रत्येक थेंबाचा सूर वेगळा, कारण थेंब कठड्यावर कुठे पडतो त्यावर कुठली थरथर उठते ते ठरतं. चाळीस मिनिटं उभाच होतो. (विजेच्या उपकरणांना चिकटवताना शहाणपण वापरा, ओल्या हाताने तर मुळीच नको.)

हाती आवाज आला की पुढचं काम कात्रीचं. पॅरिसमध्ये पिएर शेफर या फ्रेंच संगीतकाराने 1948 मध्ये बातिन्योलच्या रेल्वे डेपोतली इंजिनं रेकॉर्ड करून त्यावर रचना केली, तेव्हा त्याच्याकडे टेपसुद्धा नव्हती; सगळं तबकड्यांवर. खाच वर्तुळात बंद केली की तोच तुकडा फिरत राहायचा, आज आपण ज्याला लूप म्हणतो तो. त्याचा घंटेचा प्रयोग तुम्ही आजच करून बघा: टोल पडतो तो पहिला क्षण कापून टाका आणि नुसती आस, म्हणजे मागे घुमत राहणारा नाद, ठेवा. घंटा आहे हे ओळखूच येत नाही, कुणीतरी फुंकून काहीतरी वाजवतंय असं वाटतं. वाद्य ओळखायला कानाला तो पहिला आघात लागतो. बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉप या ध्वनिविभागातली डेलिया डर्बीशायर याच वाटेने गेली. दिव्याच्या धातूच्या हिरव्या शेडवर ठोका मारून तिने आघात छाटला आणि उरलेल्या नादातले स्वरांश ऑसिलेटरवर (एकसारखा सूर काढणारं यंत्र) पुन्हा उभे केले.

सॉफ्टवेअर? फुकटातलं ऑडॅसिटी पुरे. यावर वाद घालायची माझी तयारी नाही.

दुसरी वाट फीडबॅकची. ऑक्स सेंड (चॅनलचा आवाज वेगळ्या वाटेने बाहेर काढायची सोय) असलेला साधा साउंड मिक्सर मिळवा, गल्लीतल्या साउंडवाल्याकडे एखादा धूळ खात पडलेला असतोच. बाहेरून काहीच जोडायचं नाही. ऑक्सचं आउटपुट वायरने त्याच मिक्सरच्या एखाद्या चॅनलमध्ये घाला आणि त्या चॅनलचा ऑक्स हळूहळू वाढवा. मिक्सर स्वतःचाच आवाज पुन्हापुन्हा वाढवत शिटी मारू लागतो. ईक्यूचा (जाड-बारीक सूर कमीजास्त करणारा) खुंटा केसभर फिरवला की सूर उडी मारतो. तंबोऱ्याचा जवारीचा दोरा सरकवताना केसभराने सगळी आस बदलते ना, तसंच. फक्त इथे तार नाही. तोशिमारू नाकामुरा या जपानी कलाकाराने तर यालाच आपलं वाद्य केलं.

पण मास्टर खाली ठेवा, मधे लिमिटर (आवाज ठराविक मर्यादेपुढे जाऊ न देणारी सोय) लावा आणि सुरुवातीला हेडफोन घालूच नका. मी घातले होते. बास वाढवायला गेलो आणि ट्रेबलचा खुंटा हाताला लागला. पुढचे दोन दिवस डाव्या कानात रातकिडे.

हे सगळं परदेशीच, असं समजू नका. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत 1969 मध्ये डेव्हिड ट्यूडर या अमेरिकी संगीतकाराच्या मदतीने मूग कंपनीच्या सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा राहिला होता, आणि गीता साराभाईंसारख्या संगीतकारांनी तिथे काम केलं. त्या टेपांमधलं निवडक ध्वनिमुद्रण 2023 मध्ये प्रसिद्धही झालं. आणि गंमत बघा, मूग बसवून देणारा हाच ट्यूडर 1972 च्या सुमारास बाहेरचं कसलंही इनपुट न घेता, नुसत्या फीडबॅकवर रचना करत होता.

चकती जोडून झाली की पहिलं रेकॉर्डिंग ऐकवा, इफेक्ट न लावता. कुकरची शिटी सोडून काहीही चालेल. ती सगळेच करतात.