गोळी कधी बंद होणार?

व्यसनमुक्तीचे उपचार सुरू झाले की पहिल्या काही महिन्यांतच घरच्यांना एक शंका छळू लागते: एक नशा सोडवून डॉक्टरांनी दुसरी तर लावली नाही ना? चोपडा तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने चौथ्या महिन्यात रिकाम्या पट्ट्यांचा गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला आणि अहिराणीतच विचारले, "आते हाई गोयी कव्हय बंद व्हई?" (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

त्यांचा मुलगा केळीचा ट्रक घेऊन दिल्लीला जात असे. माल वेळेत पोहोचवण्यासाठी झोप मारायची, त्यासाठी ढाब्यावर डोडा, म्हणजे अफूच्या बोंडांचा चुरा, घ्यायचा आणि पुढे ट्रामाडॉलच्या, म्हणजे अफूसारखाच अंमल करणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांवर यायचे, असा त्याचा प्रवास झाला. नशा तोडताना येणाऱ्या जांभया, जुलाब, अंगदुखी आणि जागरणाचे आठ-दहा दिवस त्याने दोनदा सोसले, आणि दोन्ही वेळा महिन्याभरात तो पुन्हा गोळ्यांकडे वळला. घरच्यांच्या हिशेबी उपचार झाला होता आणि मुलगाच नालायक ठरला होता. वास्तविक तेव्हा फक्त अंगातले औषध उतरले होते; ओढ, बिघडलेली झोप, तोच रस्ता आणि तेच सोबती यांना कोणी हातच लावला नव्हता.

तिसऱ्या वेळी मानसोपचारतज्ज्ञांनी ब्युप्रेनॉर्फिन आणि नॅलोक्सोन यांची एकत्रित गोळी सुरू केली. ती अफूच्याच वर्गातली आहे, हे मी वडिलांपासून लपवले नाही. ती ओढ शमवते, पण एका मर्यादेपुढे डोस वाढवूनही तिचा अंमल त्या प्रमाणात वाढत नाही, हे सांगितले तरी त्यांना ते पटेना. तेव्हा मी सुनेला बोलते केले. "सकाळी माझ्यासमोर जिभेखाली ठेवतात, विरघळेपर्यंत चहासुद्धा घेत नाहीत, आणि मग दिवसभर तिचं नाव काढत नाहीत," ती म्हणाली. "पहिले तर उठल्यापासून तेच असायचं, माझी पोत गेली ती त्याच्यातच."

तरीही दिवाळीला गोळी बंद करावी, असा वडिलांचा आग्रह होता. मला वाटते, त्यामागे औषधापेक्षा भाऊबंदांच्या बोलण्याची धास्ती अधिक होती. औषध एकाएकी थांबले आणि शरीराची सवय मोडलेली असताना मुलाने जुन्याच प्रमाणात नशा केली, तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो, हे मात्र मला स्पष्ट सांगावे लागले.

दिल्लीची फेरी सोडून शेतातून माल उचलणारा टेम्पो चालवायचा, हे समुपदेशनात ठरले. कमाई घटली आणि त्यावरून घरात वादही झाले. पुढे एका लग्नात जुने सोबती भेटले, त्याने पुन्हा नशेच्या गोळ्या घेतल्या आणि दुसऱ्याच दिवशी स्वतः येऊन सांगितले. डॉक्टरांनी उपचार न थांबवता भेटी वाढवल्या. दुसऱ्या वर्षी डोस हळूहळू निम्म्यावर आला आहे. पुढची कपात केळी काढणीची धावपळ ओसरल्यावर करावी, असे त्याने स्वतःच सुचवले आणि डॉक्टरांनी ते मान्य केले.