डांग्रिगाला कधी जावं?

प्रश्न : मध्य अमेरिकेतल्या बेलीझ देशातल्या डांग्रिगा गावाला जायचा बेत आहे. कधी जावं? काय चुकवू नये?

उत्तर : ताई, 19 नोव्हेंबर गाठाच. 1832 साली गारिफुना लोक होड्यांतून इथे आले; दरवर्षी त्या दिवशी पहाटे ते आगमन पुन्हा साकारतात. मी ओल्या वाळूत उभी होते. होडीत कसावा या कंदाची रोपं, केळीची पानं, ढोल. पहिला ठोका तळपायांतून छातीत चढला आणि डोळे भरून आले. आफ्रिकी नि कॅरिबियन बेटांवरच्या मूळ रहिवाशांच्या (कॅरिब-अरावाक) वंशांतून घडलेला हा गारिफुना समाज. भाषा मात्र अजूनही अरावाक कुळातली! म्हणूनच आधी गारिफुनांची ओळख करून देणारं गुलिसी संग्रहालय बघा. मग हुदुत खा : नारळाच्या दुधातले मासे, कुटलेल्या केळ्यांचा गोळा. फोटो मात्र विचारूनच काढा.